दुसऱ्या दिवसाचं काय?

नांदेडला समुद्र नाही. लातूरला तर गावातून वाहणारी नदीही नाही. तरी आपल्याकडे पर्यटनाची बैठक बसली की पडद्यावर पहिलं चित्र येतं ते समुद्रकाठच्या शहराचं. चौपाटी, बोटिंग, पंचतारांकित हॉटेलं आणि मधोमध भलंमोठं कन्व्हेन्शन सेंटर. गोव्यासारखं करू, विशाखापट्टणमसारखं करू. माझं म्हणणं सरळ आहे : ही नक्कल सोडा. आपल्याकडे माणसं येतात, कित्येक पिढ्या येत आहेत. ती आली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी परत जातात, हे आपलं दुखणं आहे. त्यावर लाटांचं औषध चालत नाही.

विशाखापट्टणमचंच घ्या. नांदेडहून तिथवर थेट गाडी जाते. आपली कुटुंबं डबे बांधून निघतात, समुद्र बघून येतात आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतात. पण ते शहर वाळूवर उभं राहिलेलं नाही. १९३३ साली तिथे बंदर सुरू झालं. नौदलाच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आलं, पोलादाचा कारखाना आला. कामासाठी माणसं येऊ लागली, त्यांच्यामागे बैठका आल्या, बैठकांमागे परिषदा. २०१६ साली तिथे आंतरराष्ट्रीय नौदल संचलन झालं, २०२३ मध्ये जी-२० ची बैठक झाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परिषद संपल्यावर पाहुण्याला तिथे दुसरा दिवस आहे. सकाळी काचेच्या छताच्या डब्यात बसायचं, बोगदे मोजत बोरा गुहांपाशी उतरायचं, पुढे अरकूच्या खोऱ्यात जायचं. समुद्र पहिली संध्याकाळ देतो, दुसरी रात्र अरकू देतं.

नुसता किनारा काही देत नाही, हे आपल्या सिंधुदुर्गाला विचारा. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चिपीच्या विमानतळावर पहिलं प्रवासी विमान उतरायला २०२१ उजाडलं. मधली चोवीस वर्षं किनारा तिथेच होता.

उलट पणजी पाहा. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ साली तिथे गेला आणि तिथेच राहिला. आता नोव्हेंबर म्हटलं की देशभरचे सिनेमावाले पणजीचं तिकीट काढतात. त्यात समुद्राचा वाटा किती आणि तोच महिना, तेच गाव या शिस्तीचा वाटा किती, हे एकदा नीट तपासून बघावं. माझ्या मते शिस्तीचा जास्त.

आता आपल्याकडे या.

नांदेडनं एकदा सगळ्या जगाला घरी बोलावलं होतं. गुरू गोबिंदसिंगांनी १७०८ साली इथेच, गोदावरीच्या काठी, गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं आणि इथेच देह ठेवला. त्या घटनेला ३०० वर्षं झाली तेव्हा, २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गुरु-ता-गद्दीचा सोहळा झाला. पंतप्रधान मनमोहनसिंग आले. पंजाबातून, कॅनडातून, इंग्लंडातून माणसं आली. त्याआधी केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकच्या रांगेत नांदेडचं नाव लागलं होतं. रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, यात्री निवास उभे राहिले, विमानतळाचं रूप पालटलं. शहराबाहेर पडलेला नांदेडकर दिवाळीला घरी आला तर त्याला आपला चौक ओळखू येत नव्हता. त्या पैशात कुठे काय मुरलं यावर वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण एक गोष्ट कुणी नाकारू शकत नाही. तेव्हा शहराला एक तारीख मिळाली होती आणि त्या तारखेपर्यंत कामं करावीच लागली.

सोहळा उठला आणि तारीखही गेली. विमानं आली, बंद पडली. २०१७ च्या एप्रिलात उडान योजनेत नांदेड-हैदराबाद विमानाला खुद्द पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला, तीही सेवा टिकली नाही. २०२४ मध्ये पुन्हा विमानं सुरू झाली, त्याचा आनंदच आहे. पण विमान हा दरवाजा आहे. आत बसायला जागा आहे का, हे बघितल्याशिवाय दरवाजा रंगवण्यात अर्थ नाही.

नांदेड स्थानकाबाहेर सचखंड एक्सप्रेस आल्यावर अर्धा तास उभे राहा. अमृतसरहून दोन दिवसांचा प्रवास करून आलेली कुटुंबं उतरतात. आजी, सून, तीन मुलं, दोरीनं बांधलेल्या पिशव्या. ती मंडळी हजूर साहिबला जातात, माथा टेकतात, लंगरात जेवतात. दुसऱ्या दिवशी नगीना घाट, हिरा घाट, माळटेकडी, शिकारघाट अशी गुरुद्वारांची फेरी होते. मग जीप ठरवतात आणि बिदरला, नानक झिराला जातात. परत येतात, गाडी पकडतात. संपलं.

ती जीप देगलूरच्या वाटेनं जाते. देगलूरपासून थोड्याच अंतरावर होट्टल आहे. कल्याणी चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर तिथे उभं आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला लागलात तर तासभर पाय निघत नाही. एकीच्या पायातलं पैंजण दगडात इतकं सुटं कोरलंय की बोट घालून हलवून बघावंसं वाटतं. पुरातत्त्व खात्यानं पडझड सावरली, महोत्सवही भरतो, चांगली गोष्ट आहे. पण पंजाबातून हजारभर मैल आलेल्या त्या कुटुंबाला फाट्यावरून जाताना कुणी सांगतं का की उजवीकडे-डावीकडे कुठे वळायचं? त्यांना वाचता येईल अशी, हिंदीत आणि गुरुमुखीत, एक ठळक पाटी लावायला किती कोटी लागतात?

कंधारच्या किल्ल्याचंही तेच. नांदेडपासून पन्नासएक किलोमीटर. राष्ट्रकूटांचं मोठं ठाणं, पाण्यानं भरलेला खंदक, मागाहून बहामनी आणि निजामशाहीतल्या बांधकामांचे थर. जवळच्या तलावाला लोक आजही जगतुंग समुद्र म्हणतात. तो राष्ट्रकूट राजानं बांधवून घेतला. समुद्र हवाच असेल तर एक तेवढा आहे आपल्याकडे, हजार वर्षांहून जुना. किल्ल्याच्या दारात शिरताना खंदकावरून येणारा वारा अंगाला लागतो आणि मे महिन्यातही माणूस दोन मिनिटं थबकतो. एसटी कंधारला जाते, पण तिचं वेळापत्रक कंधारच्या लोकांसाठी आहे आणि तसंच असायला हवं. यात्रेकरूला वेगळी बस हवी. सकाळी आठला नांदेड स्थानकावरून निघणारी, कंधार दाखवून, दुपारी जेवायला थांबून, दिवेलागणीला परत आणून सोडणारी. उद्घाटनापुरती नको, रोज हवी, वर्षभर, दोन प्रवासी असले तरी सुटणारी. पहिलं वर्ष तोट्यात जाईल. जाऊ द्या. एका महोत्सवाच्या मंडपाचा खर्च त्या बसच्या वर्षभराच्या डिझेलशी ताडून पाहा.

राज्याचं २०२४ चं पर्यटन धोरण दहा वर्षांत एक लाख कोटींच्या गुंतवणुकीचं बोलतं. त्यातली एक बस मी मागतो आहे.

पाहुणचार शिकायचा असेल तर आपल्याला कुठे लांब जायला नको. लंगरात एकदा पंगतीला बसा. सेवादार परातीतून पोळी घेऊन येतो, 'परशादा, वाहेगुरू' म्हणतो, आणि तुम्ही दोन्ही हात पुढे केल्याशिवाय पोळी देत नाही. कोण कुठला, काय धर्माचा, कशाला आला, काही विचारत नाही. त्या पंगतीत अमृतसरचा व्यापारी असतो, त्याच्या शेजारी हिंगोलीचा शेतकरी असतो, ज्याची बायको डॉक्टर लेनमध्ये कुठल्यातरी दवाखान्यात भरती आहे. हे दोघंही नांदेडचे पाहुणे आहेत. सरकारी पर्यटनाच्या हिशेबात पहिला बसतो, दुसरा बसत नाही. का बसत नाही? तोही मुक्काम करतो, खातो, रिक्षा करतो, औषधं घेतो, आदिलाबाद, निर्मल, यवतमाळ, परभणीहून येतो. त्याला रात्री अंग टाकायला स्वच्छ जागा आणि आंघोळीला गरम पाणी परवडणाऱ्या भावात मिळालं, तर शहराची कीर्ती कुठल्याही जाहिरातीपेक्षा लांब जाईल.

आणि नदी. इथे मला राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही. पहाटे, शहर गाढ झोपेत असताना, गागरिया सिंघ गोदावरीचं पाणी घागरीत भरून हजूर साहिबच्या तख्ताकडे नेतात. त्या पाण्यानं सेवा होते, ही जुनी परंपरा आहे. दिवाळीच्या सुमाराला तख्त स्नान असतं, तेव्हा तर भाविकांची रीघ घागरी घेऊन नदीवर लागते. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात ज्या तख्ताची इमारत बांधवून घेतली, त्याचा आणि या नदीचा संबंध असा रोजचा आहे. त्याच नदीत शहराचे नाले येऊन मिळतात. उन्हाळ्यात विष्णुपुरी धरणाच्या खाली पाण्याला ओढ राहत नाही, जलपर्णी पसरते, वास येतो. घाटावर पायऱ्या, दिवे, कठडे सगळं आहे. पायऱ्यांच्या शेवटी पाणीच हात घालण्याजोगं नसेल तर त्या पायऱ्या कुठे उतरतात? तिकडे नाशिकात २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरीचे मोठे आराखडे चालले आहेत. नाशिकची गोदावरी आणि नांदेडची गोदावरी या दोन नद्या नाहीत. नांदेडच्या लोकप्रतिनिधींनी हे एवढं एक वाक्य मुंबईत जाऊन ठणकावून सांगावं. बोटिंग नंतर. आधी नाले अडवा.

मराठवाड्याच्या राजधानीनं २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० च्या महिला गटाची बैठक भरवली. दोन दिवसांसाठी भिंती रंगल्या, दुभाजकांत रोपं लागली. पाहुण्यांसाठी झालेलं ते काम रहिवाशांसाठी का होत नाही, हा प्रश्न तेव्हा छत्रपती संभाजीनगरात घरोघर विचारला गेला. तो नांदेड आणि लातूरनं आतापासूनच विचारावा.

लातूरकडे वळतो. लातूरला परिषद भरवायची असेल तर पहिला कागद पाण्याचा हवा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ती गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. लातूरच्या बायकांनी रांगेत घागरी कशा मांडल्या, पोलिस बंदोबस्तात टाक्या कशा भरल्या, हे विसरण्याजोगं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोन हजार पाहुण्यांच्या हॉटेलला पाणी द्यायचं म्हणजे ते कुठून आणणार, कुणाच्या नळातून कमी करणार, हे आधी लिहून द्या. मग नकाशे दाखवा.

आणि लातूरला पाहुण्यांची वाण कुठे आहे? लातूर पॅटर्नच्या नावावर शहरात जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं शिकायला येतात. त्यांच्यामागे आईबाप येतात, पहिल्यांदा खोली बघायला, मग खानावळ ठरवायला, मग दर महिन्याला लाडू-चिवड्याचा डबा घेऊन. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवरचे कपड्यांचे, भांड्यांचे, गाद्यांचे दुकानदार या आईबापांना चांगलं ओळखतात. हा लातूरचा रोजचा मेळावा आहे आणि बारा महिने चालतो. नीटच्या परीक्षेच्या दिवशी कुठल्याही केंद्राबाहेर जाऊन बघा. मे महिन्याचा रविवार. पोरगी आत गेली, फाटक बंद झालं. बाप कडुनिंबाखाली वर्तमानपत्र पसरून बसतो. आई पदरानं मानेवरचा घाम टिपते. सावली सरकेल तशी माणसं सरकतात. आई शौचालय शोधत चौकापर्यंत जाते आणि तशीच परत येते. कापडी मंडप, पाण्याचे दोन टँकर, चार फिरती शौचालयं. एका दिवसाचा प्रश्न आहे. एवढं ज्या शहराला जमत नाही त्यानं परदेशी प्रतिनिधींना बोलवायची घाई करू नये. ज्या शहराला हे जमेल त्याला कुणाची जाहिरात करावी लागणार नाही, कारण ते आईबाप गावी जाऊन सांगतात, आणि धाकटा भाऊ दोन वर्षांनी तिथेच येतो.

परिषद घ्यायची ताकद या मातीत आहे, याचा पुरावाही लातूर जिल्ह्यातच आहे. २०२२ च्या २२ ते २४ एप्रिलला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं, अध्यक्ष भारत सासणे. तालुक्याचं गाव, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं, ऊन चाळिशीत. तिथे महाविद्यालयाच्या आवारात संमेलन भरलं. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही भरलं, म्हणजे एका गावानं दोन मांडव सांभाळले. नांदेडनं तर १९८५ सालीच शंकर पाटलांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन घेतलं होतं. पण उदगीरला आलेल्यांपैकी किती जणांनी तिथला किल्ला पाहिला? सदाशिवरावभाऊंनी १७६० च्या फेब्रुवारीत निजामाला जिथे नमवलं, तेच हे उदगीर. पुढच्याच वर्षीच्या पानिपतावर आपण रडत आलो, पण त्याआधीचा विजय कुठे झाला, ते गाव किती जणांना माहीत आहे? औशाचा किल्ला, खरोशाची लेणी सगळं एका दिवसाच्या टप्प्यात आहे. लेखकांना, वाचकांना हे दाखवायला कुणी विरोध केला नसता. तशी सोय डोक्यातच आली नाही. दुसरा दिवस पुन्हा हुकला.

या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. गुरु-ता-गद्दीच्या वेळी लातूरचे विलासराव मुख्यमंत्री होते आणि महिन्याभरानं नांदेडचे अशोकराव त्या खुर्चीवर आले. तरीही आज नांदेडहून लातूरला रेल्वेनं जायचं तर पूर्णा, परभणी, परळी असा वळसा पडतो. लोहा-अहमदपूरवरून सरळ लोहमार्ग व्हावा ही मागणी जुनीच आहे. दोन शहरं एकमेकांशी धड जोडलेली नाहीत, आणि प्रत्येक जण आपापलं वेगळं माहितीपत्रक छापतो. पाहुण्याच्या दृष्टीनं हा एकच प्रदेश आहे. हजूर साहिब, कंधार, होट्टल, उदगीर, औसा, खरोसा, वर माहूरची रेणुका. नीट आखलं तर चार दिवस कमी पडतील.

आणि या सगळ्याच्या मधोमध माळेगाव आहे. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे येतात, गाढवं येतात, लाल कंधारी आणि देवणी बैल येतात. घोड्याचा सौदा बघण्यासारखा असतो. घेणारा आधी खुरं बघतो, मग ओठ वर करून दात, मग रुमालाखाली दोघांची बोटं बोलतात आणि भाव ठरतो. भटक्या-विमुक्त जमातींच्या पंचायती इथे भरत आल्या, सोयरिकी इथे जुळत आल्या. परराज्यांतले व्यापारी येतात, लावणीचे फड उभे राहतात. प्रदर्शन, व्यापार, बैठका, करमणूक, राहणं, जेवणं. ज्याला शहरी लोक कन्व्हेन्शन म्हणतात त्यातलं काय राहिलं सांगा. इतक्या पिढ्या ते उघड्या माळावर चाललं आहे आणि त्यासाठी एकही काचेची इमारत लागली नाही.

तिथे काय लागतं ते मी सांगतो. बायकांना पहाटे अंधारात उठून लांब जावं लागू नये. जनावरांना हौदात पाणी हवं, डॉक्टर तळ सोडून जाऊ नये. पालं टाकून राहणाऱ्या कुटुंबांच्या पोरांना चार दिवस बसायला जागा आणि हातात पाटी हवी. परगावच्या पाहुण्याला रात्री थांबता येईल अशा पन्नास साध्या खोल्या हव्यात, गावातल्याच घरांत, गावातल्याच बायकांच्या हातच्या भाकरीसह, म्हणजे पैसा गावात राहील. यातलं सगळं एका हंगामात होणार नाही. पहिलं होऊ शकतं. दाराला आतून कडी लागेल, नळाला पाणी असेल, दिवा असेल अशी पक्की शौचालयं येत्या मार्गशीर्षाआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांधा, आणि यात्रा उठल्यावर त्यांना कुलूप लावू नका. त्या रस्त्यानं नांदेड-लातूरची एसटी रोज धावते आणि तिच्यात बायका बसलेल्या असतात.